तारापूरचं इंधन अमेरिकेने खरंच अडवलं होतं का? मग २००८ चा करार कसा काय झाला?

चिंचणीकर

नमस्कार मंडळी, बरेच दिवस हा प्रश्न डोक्यात आहे, इथे जाणकार आहेत म्हणून विचारतोय. २०२५ च्या जूनमध्ये अमेरिकेने इराणच्या फोर्डो, नतांझ आणि इस्फहानवर बॉम्ब टाकले तेव्हापासून आमच्याकडे जेवताना हाच विषय निघतो. आजोबा दर वेळी म्हणतात की बॉम्ब टाकले नाहीत एवढंच, बाकी अमेरिकेने आपल्यालाही कमी छळलं नाही, तारापूरच्या अणुवीज केंद्राचं इंधन बंद केलं होतं. आमचं गाव तारापूरपासून हाकेच्या अंतरावर, लहानपणापासून त्या चिमण्या बघतोय, पण हा इतिहास आम्हाला शाळेत कधी कुणी सांगितलाच नाही. नेटवर वाचलं तर एकीकडे अमेरिकेनेच तारापूर बांधून दिलं असं लिहिलंय, दुसरीकडे अमेरिकेनेच नाडी आवळली असं, आणि तिसरीकडे २००८ च्या अणुकरारात अमेरिकेनेच आपल्यासाठी सगळ्या जगाशी भांडून सूट मिळवून दिली असं. तिन्ही खरं कसं असेल? त्यांचं धोरण असं काही ठरलेलं होतं की जो प्रेसिडेंट येईल त्याच्या मनावर सगळं? कुणी नीट सांगेल का, लांबलं तरी चालेल.

बोईसर_कॉलनी

तिन्ही खरं आहे. मला हा विषय जवळचा आहे कारण माझे बाबा तारापूरला फ्युएल हँडलिंगला होते आणि आम्ही बोईसरच्या कॉलनीत वाढलो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

ऑगस्ट १९६३ मध्ये भारत आणि अमेरिकेत करार झाला, मुदत ३० वर्षं. जनरल इलेक्ट्रिकच्या दोन अणुभट्ट्या, प्रत्येकी २१० मेगावॅट, पैसाही बराचसा अमेरिकेच्याच सवलतीच्या कर्जातून. ऑक्टोबर १९६९ ला वीज सुरू झाली, महाराष्ट्र आणि गुजरात दोघांना मिळून. आता यातली मेख बघा. या भट्ट्यांना साधं युरेनियम चालत नाही, थोडं समृद्ध केलेलं लागतं, दोन-तीन टक्क्यांच्या आसपासचं, आणि ते आपल्याकडे तेव्हा बनत नव्हतं. करारातच लिहिलेलं की इंधन फक्त अमेरिकेकडून घ्यायचं आणि अमेरिकेने ते भट्टी चालेल तोवर द्यायचं. म्हणजे आपण आपल्या हाताने एकाच दुकानाशी खातं बांधून घेतलं, पण त्या बदल्यात दुकानदाराने पण शब्द दिला होता. माल तिकडून यायचा, हैदराबादला न्यूक्लिअर फ्युएल कॉम्प्लेक्समध्ये त्याच्या गोळ्या आणि नळ्या व्हायच्या आणि मग तारापूरला यायच्या.

१८ मे १९७४ ला पोखरण झालं. गंमत म्हणजे तेव्हाच्या अमेरिकन सरकारने फार आदळआपट केली नाही, त्यांचे परराष्ट्रमंत्री किसिंजर तर त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दिल्लीला येऊन गेले. खरा राग होता तो तिथल्या काँग्रेसमध्ये, म्हणजे त्यांच्या संसदेत. कार्टर प्रेसिडेंट झाले आणि मार्च १९७८ ला नवीन कायदा झाला, की ज्या देशाने आपले सगळेच्या सगळे अणुप्रकल्प आंतरराष्ट्रीय तपासणीखाली ठेवले नाहीत त्याला इंधन नाही, दोन वर्षांची सवलत आणि मग बंद. आपलं म्हणणं सरळ होतं, तारापूर तपासणीखाली आहेच, तिथे आम्ही एक ग्रॅमचा घोटाळा केलेला नाही, मग १९६३ ला सही केलेल्या कराराला १९७८ चा तुमच्या घरातला कायदा कसा लागू होतो? आजही मला हे म्हणणं शंभर टक्के बरोबर वाटतं.

कार्टर जानेवारी १९७८ ला दिल्लीला आले होते तेव्हाचा किस्सा प्रसिद्ध आहे. मोरारजीभाई तपासणीच्या मुद्द्यावर ऐकेनात, तर कार्टर आपल्या परराष्ट्रमंत्र्याला हळूच म्हणाले की परत गेल्यावर यांना एक थंड आणि सडेतोड पत्र लिहू, आणि माइक चालू राहिलेला. पत्रकारांनी ऐकलं, सगळ्या जगात छापून आलं.

१९८० ला ३८ टन इंधन द्यायचं का हा प्रश्न आला. त्यांच्या अणुनियामक आयोगाने मे महिन्यात एकमताने नाही म्हटलं. कार्टरनी जूनमध्ये तो निर्णय बाजूला सारून द्यायचं ठरवलं, कारण तोवर अफगाणिस्तानात रशियन फौजा घुसल्या होत्या आणि भारताला आणखी दुखवणं परवडणारं नव्हतं. मग प्रकरण त्यांच्या संसदेत. खालच्या सभागृहात २९८ विरुद्ध ९८ मतांनी इंधन नको म्हणून ठराव झाला. पण दोन्ही सभागृहांनी नको म्हटलं तरच तो लागू होणार होता आणि सिनेटमध्ये तो ४८ विरुद्ध ४६ ने पडला. दोन मतांनी!

त्या काळात बाबा शिफ्टवरून आले की आईचा पहिला प्रश्न चहाचा नसायचा, "आलं का काही?" हा असायचा. आम्हा पोरांना वाटायचं पाहुणे येणारेत कुणीतरी. बाबा गेल्यावर त्यांच्या जुन्या डायऱ्या आवरताना १९८० ची सापडली, रोजच्या पानावर दूध, रॉकेल, फी असला हिशोब, आणि सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात एका पानावर निळ्या पेनने नुसतं "४८-४६" लिहून खाली दोन रेघा ओढलेल्या. मला आधी क्रिकेटचा स्कोअर वाटला. किती तरी वर्षांनी वाचताना कळलं ते काय होतं.

पण त्यानंतरही रस्ता मोकळा झाला नाहीच. भट्ट्या कमी पॉवरवर चालवून इंधन पुरवून पुरवून वापरत होते, स्पेअर पार्टचं पण तेच रडगाणं. शेवटी जुलै १९८२ ला इंदिराबाई वॉशिंग्टनला गेल्या आणि रेगनशी असं ठरलं की अमेरिका देणार नाही पण फ्रान्सने दिलं तर हरकत नाही, तपासणी आहे तशी राहील. म्हणजे करार मोडला असं कुणालाच म्हणायला नको. फ्रान्सने १९९३ पर्यंत दिलं, मग १९९५ ला चक्क चीनने, मग २००१ ला रशियाने, आणि तेव्हा अमेरिकेने रशियावर उघड नाराजी व्यक्त केली.

तेव्हा चिंचणीकर, तुमचे आजोबा बरोबर सांगतायत.

अणुरेणू

वरचा प्रतिसाद फार आवडला, डायरीचं वाचून गलबलून आलं. पण एक बाजू राहिली आणि ती सांगायलाच हवी असं मला वाटतं.

पोखरणच्या स्फोटातलं प्लुटोनियम आलं कुठून? ट्रॉम्बेच्या सायरस भट्टीतून. भट्टी कॅनडाने दिलेली आणि तिच्यातलं जड पाणी अमेरिकेचं, आणि १९५६ च्या त्या करारात फक्त शांततेच्या कामासाठी असं स्पष्ट लिहिलेलं. आपण म्हटलं की आमचा स्फोट शांततेसाठीच होता. पण नोव्हेंबर १९७० मध्येच अमेरिकेने आपल्याला लेखी कळवलं होतं की कसलाही स्फोट म्हणजे आम्ही कराराचा भंग समजू. म्हणजे साडेतीन वर्षं आधी सांगून झालं होतं. तेव्हा आपण काहीच केलं नाही आणि अमेरिकेला पोटदुखी झाली असं निदान घरात बसून एकमेकांना सांगण्यात अर्थ नाही. मी स्वतः पोखरणच्या बाजूचाच आहे, १९६४ ला चीनने स्फोट केल्यावर आपल्याला पर्याय नव्हता असंच माझं मत. पण शब्द वाकवला होता आपण. कॅनडाला तर इतकं लागलं की त्यांनी राजस्थानच्या अणुप्रकल्पाचं काम अर्धवट टाकून माणसं परत नेली.

आणि आज जी न्यूक्लिअर सप्लायर्स ग्रुप म्हणून संस्था आहे, म्हणजे अणुइंधन आणि सामान विकणाऱ्या देशांचा गट, जिच्यापुढे आपण सदस्यत्वासाठी अर्ज करून बसलोय, ती जन्मालाच आपल्या १९७४ मुळे आली.

बोईसर_कॉलनी

अणुरेणू, मान्य आहे, सायरसबद्दल त्यांची तक्रार असू शकते. पण शिक्षा कुणाला? सायरस तपासणीखाली नव्हती आणि तारापूर होतं. जिथे निरीक्षक येऊन सीलं तपासून जात होते, कॅमेरे लावून जात होते, तिथलंच इंधन अडवलं. जो दार उघडं ठेवतो त्यालाच दम द्यायचा असा प्रकार झाला तो. यातून पुढे जगातल्या बाकीच्या देशांनी काय शिकायचं?

वेताळटेकडी

नुसती अमेरिकेची भारताबद्दलची भूमिका बघून चित्र पुरं होत नाही, शेजारी बघा. एप्रिल १९७९ मध्ये याच कार्टरनी पाकिस्तानची मदत बंद केली कारण कहुट्याला युरेनियम समृद्ध करायचा प्लांट चाललाय हे त्यांना कळलं होतं. कायदा वेगळा, पण तत्त्वं तीच. डिसेंबरमध्ये सोव्हिएत फौजा काबूलमध्ये आल्या. आणि १९८१ ला रेगन सरकारने त्याच पाकिस्तानला ६ वर्षांसाठी ३.२ अब्ज डॉलर आणि वर ४० एफ-१६ विमानं मंजूर केली. कहुटा बंद झालं होतं का तर नाही, जोरात चालू होतं.

१९८५ ला प्रेसलर दुरुस्ती आली, म्हणजे मदत द्यायची तर दर वर्षी प्रेसिडेंटने लिहून द्यायचं की पाकिस्तानकडे अण्वस्त्र नाही. रेगननी लिहून दिलं, थोरल्या बुशनी १९८९ ला पण दिलं. फेब्रुवारी १९८९ ला सोव्हिएत सैन्य अफगाणिस्तानातून निघालं आणि ऑक्टोबर १९९० ला बुशना एकदम लिहून देता येईना. या दोन तारखा शेजारी शेजारी ठेवून बघा म्हणजे झालं. मी हे कॉलेजात असताना पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोन दिवस चीड आली होती आणि आजही येते, कारण त्या दहा वर्षांत जे बनलं ते आपल्या उशाशी येऊन बसलंय कायमचं.

चिंचणीकर

बाप रे, एवढं सगळं! मनापासून धन्यवाद. आजोबांना मोठ्याने वाचून दाखवलं, ४८-४६ ऐकल्यावर गप्पच झाले थोडा वेळ. म्हणाले तेव्हा रेडिओवर बातमी ऐकलेली आठवते.

पण मग २००५ ला अणुकरार जाहीर झाला तो कसा, असं काय झालं? १९९८ ला आपण परत स्फोट केले, उघडपणे अण्वस्त्र देश म्हणून सांगितलं, म्हणजे त्यांच्या दृष्टीने गुन्हा मोठाच की. आणि सातच वर्षांत करार?

अणुरेणू

हा भाग मला जास्त माहितीये म्हणून मी घेतो.

११ आणि १३ मे १९९८ च्या स्फोटांनंतर क्लिंटननी निर्बंध लावले, त्यांना कायद्याने लावावेच लागले असते, तिथे सूट द्यायची सोयच नव्हती. सुरक्षा परिषदेने ६ जूनला ठराव ११७२ केला की कार्यक्रम थांबवा. पण त्याच महिन्यात आपले जसवंतसिंग आणि अमेरिकेचे उपपरराष्ट्रमंत्री स्ट्रोब टॅलबट यांच्या भेटी चालू झाल्या, दोन वर्षांत १४ वेळा भेटले, वेगवेगळ्या देशांत. बाहेरून बघितलं तर फलित शून्य, आपण एनपीटीवर (अण्वस्त्र प्रसारबंदी करार) सही केली नाही की सीटीबीटीवर (अणुचाचणी बंदी करार) नाही. पण माझ्या मते सगळा बदल तिथेच झाला. तोवर अमेरिका आपल्याला समजावत होती की तुम्ही हे सोडून द्या, त्या बोलण्यांनंतर तिला कळलं की हे सोडणार नाहीत, आता यांच्यासोबत राहायचं कसं ते बघू. मार्च २००० ला क्लिंटन स्वतः आले, सप्टेंबर २००१ ला निर्बंध उठले.

पुढे धाकट्या बुशच्या लोकांना चीनची काळजी लागली होती, आपली अर्थव्यवस्था वाढत होती, तिथले भारतीय लोक राजकारणात वजनदार झाले होते, आणि अणुभट्ट्या विकायच्या होत्याच. १८ जुलै २००५ ला मनमोहनसिंग आणि बुश यांनी वॉशिंग्टनला जाहीर केलं. आपण लष्करी आणि नागरी प्रकल्प वेगळे करायचे, नागरी तपासणीखाली द्यायचे, आणि बदल्यात अमेरिका आपला कायदा बदलणार आणि जगाचे नियम पण बदलून घेणार.

इथे एका माणसाचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही, डॉ. अनिल काकोडकर. रुपारेल आणि व्हीजेटीआयमध्ये शिकलेला माणूस, तेव्हा अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष. कल्पाक्कमची ब्रीडर भट्टी (जळतं त्यापेक्षा जास्त इंधन तयार करणारी) नागरी यादीत टाका असा अमेरिकेचा आग्रह होता. फेब्रुवारी २००६ मध्ये काकोडकरांनी वर्तमानपत्राला मुलाखत देऊन सरळ सांगितलं की हे देशाच्या हिताचं नाही. सरकारी अधिकाऱ्याने, बोलणी चालू असताना, जाहीरपणे! दिल्लीत काहींना ते झोंबलं असणार. पण २ मार्च २००६ ला जी यादी ठरली त्यात २२ पैकी १४ भट्ट्या तपासणीखाली आणि ब्रीडर बाहेर. सायरस २०१० च्या शेवटी कायमची बंद करायची हे पण त्यातच ठरलं, आणि केली. जिच्यावरून सगळं सुरू झालं ती भट्टी शेवटी करारापायीच बंद झाली.

डिसेंबर २००६ ला अमेरिकेत या कराराला वाट करून देणारा हाइड कायदा, इकडे डाव्यांनी पाठिंबा काढला, २२ जुलै २००८ ला लोकसभेत सरकारने विश्वासदर्शक ठराव २७५ विरुद्ध २५६ ने जिंकला, आणि ६ सप्टेंबर २००८ ला व्हिएन्नात ४५ देशांच्या त्या सप्लायर्स ग्रुपने सूट दिली. शेवटपर्यंत ऑस्ट्रिया, आयर्लंड, न्यूझीलंड अडून बसलेले, चीन पण कुरकुरत होता, आणि अमेरिकेने एकेका राजधानीत फोन करून त्यांना वळवलं. ज्या देशाने १९७४ नंतर ते कुंपण घातलं त्यानेच स्वतःच्या हाताने त्यात आपल्यापुरतं फाटक केलं.

फायदा झाला का? झाला. २००८ च्या सुमाराला युरेनियम नाही म्हणून आपल्या भट्ट्या निम्म्या क्षमतेच्या आसपास चालत होत्या, नंतर रशिया, कझाकस्तान वगैरेंकडून माल यायला लागला आणि त्या नीट चालायला लागल्या. पण अमेरिकन भट्टी मात्र या करारातून अजून एकही उभी राहिलेली नाही, अपघात झाला तर भरपाई कुणी द्यायची यावर सगळं अडून बसलं.

वेताळटेकडी

यात इराणचा धागा आहे तो कुणी सांगितला नाही, आणि चिंचणीकरांचा मूळ प्रश्न तिथूनच आलाय. सप्टेंबर २००५ ला, म्हणजे करार जाहीर झाल्यावर दोनच महिन्यांत, आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेत इराणविरुद्ध ठराव आला आणि भारताने इराणच्या विरोधात मत दिलं. फेब्रुवारी २००६ ला परत दिलं. त्याआधी जानेवारीत अमेरिकेचे दिल्लीतले राजदूत मलफर्ड उघड बोलून गेले होते की भारताने इराणविरुद्ध मत दिलं नाही तर हा करार अमेरिकन काँग्रेसमध्ये टिकणार नाही. आपल्या सरकारने तेव्हा म्हटलं की आम्ही आमच्या विचाराने मत दिलं. मला ते पटत नाही. तारापूरच्या वेळी आपल्याला जो दबाव सोसावा लागला त्यातलाच एक घास आपण दुसऱ्याच्या ताटात वाढला असं मला वाटतं आणि मी हे मनापासून म्हणतोय.

तसं इराण आणि आपण सारखे नाही हे पण सांगतो. इराणने एनपीटीवर सही केलेली आहे, आपण कधीच केली नाही, त्यामुळे त्याच्यावर जी बंधनं कायद्याने आहेत ती आपल्यावर नव्हतीच. पण सुरुवात बघा, तेहरानमधली पहिली संशोधन भट्टी, ५ मेगावॅटची, १९६७ ला चालू झालेली, ती पण अमेरिकेनेच दिली, इंधनासकट. तेव्हा तिथे शहा होता, मित्र होता.

अणुरेणू

मताबद्दल तुमचा राग कळतो पण मी असहमत. नतांझचा प्लांट इराणने लपवून ठेवला होता, २००२ ला जगाला कळला. सही करून लपवणं आणि सही न करता उघड सांगणं यात फरक आहे, आणि आपल्या शेजारात आणखी एक अण्वस्त्र देश झालेला आपल्याला नकोच होता, अमेरिका म्हणो न म्हणो.

चिंचणीकर

दोघांचंही पटतंय, विचार करावा लागेल. शेवटचा एक प्रश्न बोईसर_कॉलनी यांना, जे इंधन वापरून झालं त्याचं काय झालं? ते अमेरिकेने परत नेलं का?

बोईसर_कॉलनी

नाही ना, तोच तर सगळ्यात मोठा जाच होता. करारात असं होतं की वापरलेल्या इंधनातून प्लुटोनियम वेगळं करायचं असेल तर आधी दोन्ही देशांनी मिळून ठरवायचं की ते सुरक्षितपणे होईल. तारापूरलाच त्यासाठीचा प्लांट आपण बांधला होता. पण अमेरिकेने ते मिळून ठरवणं कधी केलंच नाही. तुम्ही घेऊन जा म्हटलं तर नेत पण नाहीत, आणि आम्हाला वापरू द्या म्हटलं तर परवानगी पण देत नाहीत. वर्षानुवर्षं वापरलेल्या इंधनाच्या असेंब्ली, म्हणजे नळ्यांचे जुडगे, पाण्याच्या टाकीत साठत गेल्या, जागा पुरेना म्हणून रॅक जास्त जवळ जवळ बसवावे लागले. ऑक्टोबर १९९३ ला कराराची मुदत संपली तरी आपण तपासणी चालूच ठेवली, आपणहून.

बाबा त्या टाकीबद्दल सांगायचे. वर रेलिंगला उभं राहून खाली बघितलं की पाणी इतकं स्वच्छ की तळ दिसतो, आणि नुकत्याच काढलेल्या असेंब्लीभोवती निळा उजेड असतो, दिव्याचा नाही, पाण्याचाच. लांब दांड्याने पकडून एकेक इंच खाली सोडायची, हात हलता कामा नये, बोलायचं नाही कुणी. घरी सुपारी कातरताना सुद्धा त्यांचा हात तसाच संथ चालायचा. रिटायर झाले त्या दिवशी कॉलनीतल्या घरी हार आणि नारळ घेऊन आले आणि आईला म्हणाले, मी पहिल्या वर्षी उतरवलेल्या अजून तिथेच आहेत.